मधली खुर्ची

कुंडलिकनं डावा गुडघा त्या लहानशा खुर्चीत रोवला, अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकला आणि पट्टा ओढला. पट्टा दोन बोटं आणखी आत आला. मग त्यानं खुर्ची दोन्ही हातांनी धरून हलवून पाहिली. खुर्ची हलली नाही, आख्खी गाडी हलली.

“झाली एक,” तो म्हणाला.

नारायणगाव डेपोत चौतीस वर्षं त्यानं एसटीची इंजिनं उतरवली आणि चढवली होती, पण पोरांना बांधून बसवायच्या खुर्च्या तो आज पहिल्यांदाच हाताळत होता. आपल्याकडं पोर म्हणजे मांडीवर. एक मांडी भरली तर शेजारच्याची. एसटीत तर कुणाचं कोण पोर एखाद्या म्हातारीच्या मांडीवर निवांत झोपून जातं, आणि आपला थांबा आला तरी म्हातारीला उठून जाववत नाही. आता एकेका पोराला एकेक सिंहासन आलं होतं. राजाला बांधून ठेवायचं सिंहासन, एवढाच काय तो फरक.

गाडी जावयाची होती. मोहितनं नवीनच घेतलेली, सात माणसांची. मागची रांग पाडून तिथं पोरांचं सामान भरलं होतं. मधल्या रांगेत तीन खुर्च्या बसवायच्या होत्या. एक सहा वर्षांच्या श्रेयाची आणि दोन जुळ्यांच्या. जुळ्यांची आधार कार्डावरची नावं अद्वैत आणि अन्विता अशी भारदस्त होती, पण निरगुडसरच्या या घरात ती कुणाच्या तोंडी बसली नाहीत. इथं ती गेणू आणि भागू होती.

कुंडलिकची लेक सोनल त्यांच्याच बाळंतपणात गेली. आधी भागू आली, मग गेणू आला, आणि सोनल घरी आलीच नाही. अकरा दिवसांची पोरं दुपट्यात गुंडाळून धोंडाबाईनं इथं आणली. श्रेयाही आली. मोहितची चाकणला कंपनीत पाळी, कधी दिवसाची, कधी रात्रीची. तो रविवारी यायचा, संध्याकाळी जायचा. बघता बघता दीड वर्ष झालं.

“पावणं, लेकरांना आई पायजे. तुमी लगीन करा,” असं मोहितला सांगणारा कुंडलिकच होता. बोलायला काय जातं? माघात लग्न झालं. मुलगी पेठ गावची, आरती. धोंडाबाईनं रीत पाळली. सोनलच्या नावाचा चांदीचा टाक घडवून घेतला, काळ्या दोऱ्यात ओवून आरतीच्या गळ्यात बांधला, ओटी भरली आणि म्हणाली, “आता तूच आमची लेक.” गेलेलीचा टाक दुसरीनं गळ्यात घालायचा आणि पहिलीच्या माहेरानं तिला लेक म्हणायचं, असं चालत आलेलं आहे. कुंडलिक तेव्हा शेजारीच उभा होता. त्याच्या तोंडून ‘लेक’ निघालं नाही. तो आरतीला अजूनही ‘बाई’ म्हणायचा आणि ‘तुमी’ म्हणायचा.

आज ती दोघं पोरांना न्यायला आली होती. श्रेयाचं नाव पुण्याच्या शाळेत घातलं होतं. शिवाय घरामागच्या उसात महिन्यात दोनदा बिबट्या दिसला होता, वनखात्यानं बांधाला पिंजरा लावला होता, आणि पोरांना अंगणात सोडायची सोय उरली नव्हती. न्यायला कारणं सगळी बरोबर होती. कुंडलिकला एकही खोडून काढता येत नव्हतं.

सकाळी गाडी दारात लागली तेव्हा आरतीनं मागं सामानात ठेवलेल्या तिन्ही खुर्च्या उतरवल्या आणि म्हणाली, “आबा, या तुम्ही बसवून द्याल का?”

नव्या गाडीला आपले गुडघे लागू नयेत म्हणून त्यानं खाली न बघताच मधल्या रांगेवर जुनी चादर पसरली. पुस्तिकेतली चित्रं चष्मा लावून पाहिली. दोन मिनिटांत त्याला सगळं उमगलं. कडेच्या खुर्च्या आधी बसवल्या तर मधल्या पट्ट्याचं बक्कल त्यांच्याखाली दबणार आणि तिथं हात जाणार नाही. म्हणून मधली खुर्ची आधी, कडेच्या नंतर. डेपोत काल लागलेल्या पोरालाही कळलं असतं.

हे कळूनही त्यानं कडेची आधी बसवली. आणि आता दुसऱ्या कडेची.

तिसरी त्यानं मध्ये नेऊन धरली, इकडून तिकडून फिरवली, खाली हात घातला, बाहेर काढला. कपाळाचा घाम पुसला. घाम खरा होता.

“न्हाई बसत,” तो म्हणाला. “बक्कलापत्तुर हातच पोचंना. दोनच बसत्यात.”

“अहो मामा, पण त्या दुकानात तर...” मोहित बोलायला लागला.

“थांबा हो तुम्ही,” आरती म्हणाली.

ती ओट्याच्या पायरीवर बसली होती. तिनं गाडीकडं पाहिलं, मग कुंडलिकच्या खांद्याला गच्च धरून बसलेल्या गेणूकडं पाहिलं. आजा खुर्ची बसवून खाली उतरला की गेणू त्याच्या अंगावर चढायचा, हा तिथला शिरस्ता सकाळपासून तिनं पाहिला होताच. गेणूला बाप आणि आजा यांतला फरक अजून कळत नव्हता.

“मांडीवर न्यायचं तर मला धीर होत नाही,” ती सावकाश म्हणाली. “एवढा हमरस्ता. मग असं करू. गेणूला राहू द्या इथं. दिवाळीला येऊ न्यायला.”

एवढं सोपं होतं. गेणूला ठेवून घ्यायला कुंडलिकनं रात्रभर काय काय योजलं होतं, काय उत्तरं द्यायची ती ठरवली होती, आणि बाईनं एका वाक्यात पोर हातात दिलं. गेणूचं डोकं त्याच्या गळ्याशी होतं. त्यानं ते आणखी जवळ घेतलं. दिवाळी अजून पाच महिने लांब होती आणि पाच महिन्यांत दिवाळीचं काय व्हायचं ते होईल.

धोंडाबाई गाडीचं मागचं दार उघडून जुळ्यांचं बोचकं घेऊन आली आणि पायरीवर सोडून बसली. गेणूची झबली एकीकडं, भागूची एकीकडं. औषधाची बाटली गेणूकडं, कारण सर्दी त्याला होते. टोपरी दोन होती, एकेक. मग तिच्या हाताला स्टीलची वाटी लागली. वाटी एकच होती. एक घास ह्याला, एक घास तिला, असंच दीड वर्ष चाललं होतं. दोन वाट्या कधी लागल्याच नाहीत. धोंडाबाईनं वाटी गेणूच्या ढिगावर ठेवली. मग उचलून भागूच्या ढिगावर ठेवली. मग पदराखाली घेऊन तशीच बसून राहिली.

मोहित पाण्याची कळशी भरून आणायला गेला तेव्हा ती नवऱ्याकडं न बघता हळूच म्हणाली,

“इंजिनं उतरवलीत तुमी डेपोत. आन एक खुर्ची बसंना व्हय?”

“न्हाई बसत म्हनलं ना.”

“बरं,” धोंडाबाई म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात तिचं ‘बरं’ कुंडलिकला कधी सोसलं नव्हतं.

श्रेयाला आणि भागूला बसवून पाहायचं ठरलं. श्रेया ऐटीत चढून बसली. भागूला आरतीनं बसवलं, पट्टे लावले. भागू रडली नाही. तिनं मधल्या रिकाम्या जागेवर हात आपटला आणि गेणूकडं पाहून म्हणाली, “ये.” तिला तेवढा एकच शब्द स्वच्छ यायचा. गेणू कुंडलिकच्या खांद्यावरून खाली वाकला. त्याला जायचं होतं. कुंडलिकनं त्याला सावरून धरलं, तसा तो अंग ताठ करून ओरडायला लागला, आणि भागू तिथून पुन्हा म्हणाली, “ये.”

“आजी, हिला सांग ना, तो येणार नाहीये,” श्रेया मोठ्या माणसासारखी म्हणाली. “आपण दोघीच जाणार.”

एकीला आई मिळाली नाही, एकाला आई मिळाली नाही, निदान ती दोघं एकमेकांना तरी होती. आणि कुंडलिक तेही मोडायला निघाला होता, एका बक्कलाचं निमित्त करून. स्वतःची एवढी लाज त्याला जन्मात कधी वाटली नव्हती.

त्यानं गेणूला धोंडाबाईकडं दिलं.

“पोरी उतरवा खाली,” तो म्हणाला. “परत बगतो.”

दोन्ही खुर्च्या सोडून त्यानं बाहेर अंगणात ठेवल्या. खाली कापड असलं की खुर्ची सरकते, हेही त्याला मघाशी माहीत होतं, आणि मघाशी त्यानं ते चालवून घेतलं होतं. आता त्यानं चादर ओढून काढली.

खालच्या कोऱ्या गादीवर वळ होते. नव्या गादीवर जड वस्तू दिवसभर दाबून बांधली की उमटतात तसे, खोल आणि ताजे. डाव्या कडेला, उजव्या कडेला आणि मध्ये. तीन खुर्च्यांचे.

कुंडलिक तसाच वाकून राहिला. त्यानं मधल्या वळावरून अंगठा फिरवला. मागं पावलं वाजली. आरती दाराशी उभी होती.

“बसवल्या व्हत्या?” त्यानं तिकडं न पाहता विचारलं.

“हो. परवा. दुकानातल्या माणसानं बसवून दिल्या.”

“तिनी?”

“तिन्ही.”

“मंग काढल्या कशापायी?”

गळ्यातला दोरा तिनं बोटाला गुंडाळला आणि सोडला.

“मीच काढल्या काल. म्हटलं, आबांनी बसवाव्यात. पोरं तुमच्या हातानं यावीत. मी येऊन उचलून नेली, असं नको व्हायला.”

अंगणात गेणूचं रडणं चाललं होतं आणि धोंडाबाई त्याला चिमण्या दाखवत होती.

“मंग मगाशी बोलली का न्हाईस?” कुंडलिकनं विचारलं.

“सोनलताई असत्या तर बोलल्या असत्या,” आरती म्हणाली. “मला कसं बोलता येईल?”

हे तिनं तक्रारीनं म्हटलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. सोनल बोलली असतीच. “आबा, खोटं बोलू नका, आणा ती खुर्ची इकडं,” असं साऱ्या आळीला ऐकू जाईल एवढ्यानं बोलली असती. कुंडलिकला तो आवाज ऐकू आल्यासारखा झाला आणि त्यानं उगाच चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

“फुडच्या खेपंला बोलत जा,” तो म्हणाला. “आन ती खुर्ची दे इकडं. मधली आदी बसती.”

तिनं खुर्ची दिली. त्यानं बक्कल वर ओढून घेतलं, पट्टा पाठीमागून फिरवला, कट्‌ असा आवाज येईपर्यंत दाबला. मग दोन्ही गुडघे खुर्चीत रोवून, दात खाऊन पट्टा ओढला. हाताच्या शिरा तटतटल्या. एवढ्या जोराची गरज नव्हती. पाच मिनिटांत कडेच्याही बसल्या.

“मधी गेणूला घे,” तो म्हणाला. “फुडच्या शिटावरनं हात पुरंल तुजा.”

गेणूला बांधताना मात्र त्याचे हात चालेनात. पोर आडवं पडायचं, पाय झाडायचं, आणि पट्ट्यातून एक हात सोडवून त्याच्याच सदऱ्याची गुंडी धरायचं. कुंडलिकनं एकेक बोट सोडवलं. धोंडाबाईनं दोन्ही ढीग एकत्र करून बोचकं बांधलं आणि वाटी वरच खोचली.

आरती पुढं बसली तसा तो तिच्या खिडकीशी आला.

“झोपायच्या टायमाला लई रडतंय ते,” तो म्हणाला. “पाठीवर थापटू नकोस, आनखी चेकाळतंय. कानामागं बोट फिरवायचं, असं हळू. उजव्या. डाव्या कानाला हात लावू देत न्हाई. मी कुनाला सांगितलं नव्हतं. हिला बी न्हाई.”

धोंडाबाईनं चमकून त्याच्याकडं पाहिलं. दीड वर्ष ती समजत होती की गेणूला आज्याचं वेडच आहे.

“उजव्या,” आरती म्हणाली.

“हां.”

गाडी निघाली. श्रेयानं हात हलवला. गेणूचं रडणं बंद काचेतूनही ऐकू येत होतं, आबा आबा असं. गाडी शेजारच्यांच्या गोठ्यावरून गेली, उसाच्या कडेनं गेली, आणि रडणं मागं राहिल्यासारखं वाऱ्यावर येत राहिलं. कच्च्या रस्त्याला मोहित हळू चालवत होता. ओढ्याच्या मोरीजवळ गाडी वळली तेव्हा ते थांबलं. आधी कमी झालं नाही. एकदम थांबलं.

दोघं कान देऊन उभी राहिली. मग धोंडाबाईनं सुस्कारा टाकला.

“गप झालं बाई पोर,” ती म्हणाली. “सापडला तिला कान.”

“हां,” कुंडलिक म्हणाला, “सापडला,” आणि सकाळपासून स्वतःला आवरून धरलेला तो म्हातारा तिथंच रस्त्यावर उकिडवा बसला आणि पोरासारखा रडायला लागला.