ताईचा थांबा

“धाकटे, पुन्हा उशीर!” संचालकांनी हात खाली टाकले.

“मी वेळेवरच आहे. ही पोरगीच गाडी सुटत असल्यासारखी पळतेय.”

वाद्यवृंदात हशा पिकला. व्हायोलिनवाली पोरगी मात्र हसली नाही. तिचे कान लाल झाले. ड्रमवर बसणाऱ्या त्याला सगळे धाकटे म्हणत, कारण थोरली, म्हणजे त्याची ताई, बावीस वर्षं याच मंचावर त्याच्या पुढ्यात उभी राहून व्हायोलिन वाजवायची. तिला जाऊन सात महिने झाले होते.

ही रचना दोघांचीच, व्हायोलिनची आणि ड्रमची. मधल्या एका जागी संचालकही हात बांधून उभे राहत. व्हायोलिनचा सूर संपला की ड्रमचा पहिला ठोका. त्या जागी ताई नाकातून हलकासा श्वास घ्यायची आणि त्याचा हात आपसूक पडायचा. आताही तो त्या श्वासाची वाट पाहायचा. आणि श्वास यायचा. पोरीचा नव्हे. तिच्या डाव्या खांद्यामागून, जिथं कुणीच उभं नसायचं तिथून.

“दुपारी शेवटचं बघू,” संचालक म्हणाले. “नाही जमलं तर उद्याच्या कार्यक्रमात ड्रमवर झांजवाल्या बाईंना बसवावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका.”

“वाईट कसलं! चाळीस वर्षं वाजवलं, आता ऐकू की,” तो म्हणाला खरा, पण हातातल्या काठ्या काही खाली ठेवल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत पोरगी आपली स्वरलिपीची पानं घेऊन आली. “काका, ही ताईंचीच पानं. इथं सूर संपल्यावर थांबा छापलेलाच नाही. पण पेन्सिलनं लिहिलंय काहीतरी. तुम्हाला दाखवायचा धीर होत नव्हता.”

ताईचं बारीक, तिरकं अक्षर : ‘धाकट्याने काठी बदलेपर्यंत थांबणे. त्याला कळू देऊ नये.’

खाली तारीख होती. नऊ वर्षांपूर्वी त्याचं मनगट मोडलं, त्यानंतरच्या महिन्यातली. मऊ काठी ठेवून कडक काठी उचलायला तेव्हापासून त्याला एक श्वासभर वेळ जास्त लागत होता. आणि तोच ताईला चिडवायचा, “म्हातारे, दम लागतो का गं तुला?” ती म्हणायची, “लागतो बाबा. वय झालं.”

“मी पण थांबेन, काका. कुणाला कळणार नाही.”

“नऊ वर्षं मलाही कळलं नाही,” तो म्हणाला. “नको गं. छापलंय तसं वाजव तू.”

मग तो स्वतःच संचालकांकडे गेला आणि ड्रमवर आताच बाईंना बसवा म्हणाला. झांजवाल्या बाईंसाठी त्यानं स्टूल दोन बोटं खाली घेतलं. “डावा ड्रम जरा जड बोलतो. बिचकू नका,” एवढं सांगून तो खाली प्रेक्षकांच्या रिकाम्या रांगेत जाऊन बसला.

व्हायोलिन त्या जागेपाशी आलं. सूर संपला आणि त्याच क्षणी ठोका पडला. मधे कुणालाही शिरायला जागा उरली नव्हती.

संचालकांनी मान वळवली. “काय धाकटे, कसं?”

“बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि उजवं मनगट डाव्या हातात धरून पुढचं ऐकत राहिला.