दियासचं तिसरं मागणं

दूध घेऊन बोतागोझ परत आली, तर तिचे बाबा कैरोल्ला दारातच हसत उभे.

"दियास येऊन गेला," कैरोल्ला म्हणाले. "अख्खा कॉम्प्युटर मागत होता पठ्ठ्या! पण मीही काही कच्च्या गुरूचा चेला नाही. आतला एक तुकडा दिला आणि बोळवण केली."

दियास म्हणजे तिच्या आत्याचा मुलगा, चांगला बाप्या माणूस. भाच्याने मामाच्या घरातलं आवडेल ते तीनदा उचलून न्यावं आणि मामाने हूं की चूं करू नये, ही कझाख रीत तेमिरताऊच्या फ्लॅटांतही टिकून आहे. आधी त्याने आजोबांचं खोगीर नेलं, मग शिकारीची बंदूक. बाबांना त्याचं कोण कौतुक!

बोतागोझ खोलीत धावली. कॉम्प्युटरचं झाकण उघडं, ग्राफिक्स कार्ड गायब.

"त्याच्यावाचून अडत नाही म्हणाला तो," बाबा मागून म्हणाले.

नाही अडत, साध्या मशीनचं! तिथे पडद्यावर चित्र दाखवायची सोय बहुतेक वेळा प्रोसेसरच्याच पोटात असते. हिचा प्रोसेसर सर्व्हरमधून काढलेला, चीनहून स्वस्तात आलेला. कामाला राक्षस, पण ती सोय त्यात नाही. त्याला डेस्कटॉपचं कार्ड जुळवण्यात तिचा हिवाळा गेला होता. एक कार्ड बोर्डाने ओळखलंच नाही. दुसरं ओळखलं, तर विंडोज रुसलं. त्या सगळ्यांची सोयरीक जमवताना बिचारीच्या नाकी नऊ आले होते.

तिने बटण दाबलं. पंखे फिरू लागले. पडदा काळाच.

"चालू तर आहे की!" बाबा म्हणाले.

"चालू आहे, पण दिसत काहीच नाही, बाबा! अल्माटीच्या कंपनीला आज संध्याकाळपर्यंत फ्लॅटची थ्रीडी चित्रं द्यायचीत. दिली तरच नोकरी. दियासकडे आजच्यापुरतं मागते."

"खबरदार! भाच्याला दिलेलं परत मागतात होय? भाच्याला दुखावणाऱ्याचे हात थरथरायला लागतात, माहीत नाही तुला? नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतील."

"आणि मी किती वेळा मागायचं असतं, बाबा?"

"तू कशाला मागायचंस? सगळं तुझंच तर आहे!"

शेजारणीच्या लॅपटॉपला तिने डिस्क जोडून पाहिली. चित्रं उघडता उघडताच त्याने मान टाकली. संध्याकाळ झाली, गेली. सकाळी कंपनीचा निरोप आला, जागा दुसऱ्या कोणाला दिली. तिने तो बाबांना वाचून दाखवला. "नशीब एकेकाचं," बाबा म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी दियास चहाला आला. बाबांनी त्याला मानाच्या जागी बसवलं, तळलेल्या बाउरसाकची परात त्याच्यापुढे सरकवली.

"कार्ड कसं आहे रे?" बाबांनी विचारलं.

"कुठलं? हां, ते! माझ्या मशीनला बसलंच नाही, मामा. त्याला जोडायची वायरच नाही माझ्याकडे. शोकेसमध्ये ठेवलंय, मस्त दिसतं."

"राहू दे, राहू दे. मामाची आठवण."

बोतागोझ चहा ओतत होती. कप बशीवर खडखडला, चहा दियासच्या गुडघ्यावर सांडला. बाबांचं तिच्या बोटांकडे लक्ष गेलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हात का थरथरतायत तुझे?" त्यांनी घाबरून विचारलं. "दियासला काही बोललीस की काय?"

"नाही बाबा," ती म्हणाली. "काहीच बोलले नाही."