नुसतं उभं राहायचं

जर्मनीतल्या आमच्या उल्म शहरातून निघताना आईने बाबाला एकच सूचना दिली होती, "पोरीला नजरेआड होऊ देऊ नकोस." बाबाने ती इतकी मनावर घेतली, की आल्गॉयच्या डोंगरात स्नोशूज घालून तो माझ्या पाठीला चिकटूनच चालत होता. मी थांबले की त्याचं नाक माझ्या सॅकवर आपटायचं!

पण आज म्होरकी मी होते. मी! अल्पाइन क्लबचा हिमस्खलनाचा कोर्स मी केला होता, बाबाने नाही. सकाळी बुलेटिन मी वाचलं. पातळी दोन, म्हणजे बेताचा धोका. दोघांच्या छातीवरचे पीप्सर मी तपासले. एक जण बर्फाखाली गाडला गेला, तर दुसऱ्याला त्याचा सिग्नल देणारं हे यंत्र. फावडीसुद्धा मीच भरली. ऑफिसात अख्ख्या टीमला हुकूम सोडणारा बाबा इथे "हो मॅडम" म्हणत होता. कसलं भारी वाटत होतं, काय सांगू!

मग तो उतार आला. पलीकडे हुट्टे दिसत होती, डोंगरातली लाकडी खानावळ. तिथल्या गरम सूपचा बाबाने आठवडाभर जप केला होता. मध्ये फक्त एक आडवी वाट, आणि तिच्या डोक्यावर बर्फाचा उभा चढ.

"इथून एकेकाने जायचं," मी म्हणाले. "मी पलीकडे पोचून हात वर करते, मग तू."

"तोवर मी काय करू?"

"उभा राहा. माझ्याकडे बघत."

"नुसता?"

"गेनाऊ! अगदी बरोबर, नुसता. बर्फ सरकलाच तर तू बाहेर हवास. दोघंही गाडलो गेलो तर काढणार कोण?"

बाबाने वरच्या चढाकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं."

मी निघाले. थोडी पुढे गेले, तर मागे बर्फ करकरला. वळून पाहते तर बाबा! माझ्याच पावलांत पावलं टाकत, हात पुढे केलेला. मी सायकल शिकत होते तेव्हा करायचा तसाच.

"बाबा, मागे जा!"

"अगं, तुझा पाय सटकला—"

"मागे. आत्ता."

एवढा करडा आवाज माझा? बाबा मुकाट्याने मागे गेला. तो कडेला पोचल्यावर मीही परत त्याच्यापाशी आले.

"आल्झो, तर मग आपण परत जातोय."

"आता नाही येणार मागून. शप्पथ."

चांगलं झापणार होते त्याला. पण शप्पथ घेतानाही त्याने माझ्या सॅकचा पट्टा घट्ट धरून ठेवला होता.

"आज नाही जमणार तुला, बाबा," मी म्हणाले. "आणि चालतं. परत फिरायलाही शिकवतात कोर्सात."

"तुझा दिवस वाया घालवला मी."

"घालव की. तू आहेस ना."

खाली पार्किंगजवळ सपाट कुरण होतं. बाबा तिथे थांबला.

"मैत्रेयी, त्या कुंपणापर्यंत जा बरं. एकटी."

"कशाला? इथे साधा उंचवटाही नाही."

"म्हणूनच. मला सराव करू दे."

मी गेले. अर्ध्यावर वळून पाहिलं. दोन्ही हात काखेत गच्च दाबून, आत्ता पळत सुटेल असा, पण बाबा उभा होता! मी मुद्दाम सावकाश चालले. कुंपणाशी पोचून हात वर केला.

तो आला, धापा टाकत, लालबुंद नाकाने हसत.

"पुन्हा एकदा," म्हणाला. "या वेळी जरा लांब जा."