डोणगावातून नाशिकची गाडी

पंजाबरावांना बढाई मारायला कारण लागत नसे, आणि पूनमनं तर ढीगभर कारणं दिली होती. "माही पोरगी घरी बसून नाशिकच्या गाड्या पळवते," असं ते डोणगावच्या बाजारात भेटेल त्याला सांगत. लोक हसत. हसोत बापडे, खरंच होतं ते! गाडी पळताना इंजिन किती तापलं, किती हवा ओढली, याची सगळी नोंद गाडीवाला मोबाइलवरून पाठवायचा. पूनम ती वाचून इंजिनाचा प्रोग्राम सुधारायची आणि परत पाठवायची. गाडीला बोट न लावता!

दसऱ्याच्या दुपारी नाशिकहून कुलदीपचा फोन आला, तो भडकलेलाच. दुसऱ्या दिवशी त्याची घाटातली शर्यत होती.

"काल गाडी मस्त होती, आज चढावर दम सोडते. तुम्ही रात्री पाठवलेल्या नव्या प्रोग्रामनं वाट लावली. जुना परत टाका, नाहीतर शर्यतीच्या ग्रुपवर तुमचं नाव घेऊन सांगतो सगळ्यांना."

फोन स्पीकरवर होता. पंजाबरावही ऐकत होते. ग्रुपवर बदनामी झाली की पोरीचं काम बसलंच म्हणायचं.

"दे बाई जुना टाकून," ते पुटपुटले. "काऊन भांडण वाढवून राह्यली?"

"नाई बाबा. प्रोग्राम बरोबर हाय."

तिनं कालची आणि आजची नोंद शेजारी शेजारी लावली. "हे पाहा. गाडी पळाली की वारा लागून आतली हवा थंड व्हाले पाहिजे. हे तर उलटी तापून राह्यली, मंग इंजिन सोताच जोर कमी करते. गाडीचं तोंड कशानं तरी झाकलं हाय." मग ती फोनकडे वळली. "कुलदीपभाऊ, आज गाडीची पूजा केली का?"

"केली की. दसरा आहे!"

"हार कुठं घातला?"

"समोर. आईनं घातलाय, झेंडूचा, चांगला जाड..." कुलदीपच्या डोक्यात प्रकाश पडला. तो हळूच म्हणाला, "शर्यतीआधी हार काढला तर आई घरात घेणार नाही मला."

"काढू नका ना. मांगं बांधा. देवीले मांगूनबी दिसते."

पंजाबराव खो खो हसले. पण कुलदीप तोच चढ पुन्हा चढून येईपर्यंत त्यांनी चहासुद्धा घेतला नाही.

फोन आला तेव्हा आवाजच बदललेला. "ताई, चुकलो. गाडी उडतेय! ग्रुपवर नाव टाकलंय तुमचं. माझ्या दोन मित्रांच्या गाड्याही घ्या."

संध्याकाळी सोनं वाटायची वेळ झाली. पंजाबरावांनी आपट्याची पानं उचलली आणि थेट पूनमसमोर जाऊन उभे राहिले.

"अवो, हे काय?" त्यांची बायको शालूबाई ओरडल्या. "लहान्यानं मोठ्याले द्या लागते सोनं!"

"ठाऊक हाय मले," पंजाबराव म्हणाले आणि पानं लेकीच्या हातात ठेवली. "आज थेच मोठी हाय."