तिसरी तसबीर

हरीशला मॅनेजर व्हायचं होतं. म्हणून बाबासाहेबांच्या शताब्दीला लंडनजवळच्या इल्फर्डच्या हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी एक दाढीवाला अमेरिकन जनरल येऊन बसला. कमरेला तलवार आणि चेहऱ्यावर कोण तोरा! मेडनहेडच्या ऑफिसातले हरीशचे साहेब म्हणजे या जनरल व्हिटकमचे पणतू, आणि मॅनेजर कोणाला करायचं ते त्यांच्याच हातात. जनरल गुलामांच्या मुक्तीसाठी लढला, एवढ्यावरच कमिटीने माना डोलावल्या. पुढचं कुणी विचारेल तर शपथ.

मधुमतीने, म्हणजे हरीशच्या बायकोने, विचारलं होतं. ती शाळेत इतिहास शिकवायची. लायब्ररीत वाचून तिने त्याला सांगितलं, की गुलामांसाठी लढलेला हाच बाबा पुढे कित्येक वर्षं तिथल्या मूळ रहिवाशांच्या वस्त्या पेटवत हिंडला, ऐन थंडीत त्यांचं धान्य जाळलं, आणि त्याबद्दल त्याचा घोड्यावरचा पुतळा उभा राहिला. हरीश म्हणाला, त्याचं चांगलं तेवढं घ्यायचं. वा रे वा! जयंती बाबासाहेबांची आणि शेपूट हलवायचं साहेबापुढे.

पहिल्या रांगेत हरीशची आई गयाबाई बसल्या होत्या. नामांतराच्या दंगलीत मराठवाड्यातलं त्यांचं घर जाळलं, तेव्हा नेसत्या लुगड्यानिशी निघून त्या शेवटी इथे लेकाकडे आल्या. सगळ्यांत थोरल्या म्हणून दरवर्षीसारखे हार त्यांनीच घातले, तिन्ही तसबिरींना. मग पंचशील झालं. प्राणिहत्या करणार नाही, असं त्या तलवारीसमोर म्हणताना मधुमतीला अगदी किळस आली.

मग पाहुणे म्हणून आलेले हरीशचे साहेब बोलायला उठले. वयस्कर मंडळींना ते मराठीत सांगायचं काम मधुमतीकडे होतं, आणि गोड गोड तेवढंच सांग, असं हरीशने बजावलं होतं. गुलामांची मुक्ती सांगून झाली, टाळ्या पडल्या. पण साहेबांना चेव चढला. पणजोबांनी वस्त्या जाळून पश्चिमेची जमीन कशी मोकळी करून घेतली, हे ते हसत हसत सांगू लागले. सगळ्यांच्या आधी टाळ्या कुणी वाजवल्या? आमच्या हरीशरावांनी. जनाची नाही, मनाची तरी!

गयाबाई सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या. गोड बोलावं तर सासूच्या डोळ्यांत धूळ, खरं बोलावं तर नवऱ्याच्या बढतीवर पाणी. मधुमतीने माईक जवळ घेतला.

"साहेब म्हणतात, त्यांच्या पणजोबांनी तिथल्या मूळच्या लोकांच्या वस्त्या जाळल्या. त्याचा त्यांना अभिमान आहे."

गयाबाई उठल्या, स्टेजवर गेल्या आणि त्यांनी जनरलचा हार काढला. साहेब गोंधळून हरीशकडे बघायला लागले. आईचं वय झालंय, थकली आहे बिचारी, असं हरीशने इंग्रजीत सांगून टाकलं. पण इल्फर्डमध्ये इतकी वर्षं काढून गयाबाईंना तेवढं इंग्रजी समजत होतं.

"नो टायर्ड," त्या साहेबांना म्हणाल्या. "माय हाऊस ऑल्सो बर्न."

मग लेकाकडे वळल्या.

"आणि तू टाळ्या वाजवल्यास."