डिझेल, टाकी फुल

प्रोफेसरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा चढवला. पडद्यावर अजून नुसत्या जाहिराती चालू होत्या, तरी चष्मा पुसण्याची ही त्यांची तिसरी खेप होती. शेजारी लेक बसली होती आणि मागच्या रांगेत तिच्या वर्गातली अख्खी टोळी. सगळी त्यांच्याकडेच इंजिन शिकणारी. इंजिनाच्या बाबतीत बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं लेक ऐटीत सांगायची. आज त्या ऐटीचं काय होणार, कोण जाणे.

सिनेमा त्यांच्या कॉलेजातल्या दोस्ताने काढलेला होता. समुद्र बघायला निघालेल्या चार मित्रांची गंमत, एवढंच त्याने फोनवर सांगितलं होतं.

"माझं ते प्रकरण घातलंयस का रे?"

"तू ये तर खरा. आणि पोरीला आण," म्हणून त्याने फोन ठेवला होता.

ते प्रकरण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी दोस्ताच्या मामांची, पेट्रोलवर चालणारी. प्रोफेसरांना तेव्हाही सगळे प्रोफेसरच म्हणायचे, आणि निघाल्यापासून त्यांचं इंजिनावर व्याख्यान चालू होतं. त्याच तंद्रीत पंपावर त्यांनी खिडकीतून हुकूम सोडला, "डिझेल, टाकी फुल!" पुढच्याच वळणावर गाडीने मान टाकली. समुद्र राहिला तो राहिलाच.

आता पडद्यावर पंप आला. चष्मेवाल्या पोराने खिडकीतून डोकं काढून तोच हुकूम सोडला आणि थिएटर हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. मागची टोळी खुर्च्या बडवत होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं प्रोफेसरांना झालं.

पण दृश्य तिथे संपलं नाही. बंद गाडीपाशी चष्मेवाला पाठ फिरवून डोळे पुसत होता. गाडी चालवणारा त्याच्याजवळ गेला.

"तुझं इंजिन अर्धंच राहिलं की रे. पुढे काय होतं, सांग ना."

तिघं रस्त्याकडेच्या दगडांवर मांडी घालून बसले. चष्मेवाला सांगू लागला, आधी हुंदके देत, मग हसत, मग असा रंगात आला की ऊन कलल्याचंही कुणाला कळलं नाही.

खरंच असं झालं होतं. इतकी वर्षं प्रोफेसरांनी फजिती तेवढी लक्षात ठेवली होती. त्यांचा पहिला वर्ग मात्र त्या दोस्ताने जपून ठेवला होता. काय माणूस आहे हा, असं वाटून त्यांना भरून आलं. त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाला पुसला. पडद्यावरचं पोरगंही नेमकं तेच करत होतं.

लेक त्यांच्याकडे बघत होती.

"बाबा, हा तू आहेस."

"हो," ते म्हणाले.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. बाहेर पडताना तिने त्यांचा दंड धरला.

"सुट्टीत समुद्रावर जाऊ या? गाडी तू चालव. वाटेत इंजिनही शिकव."

"जाऊ की."

"पंपावर मात्र मी बोलणार."