पुढचा उजवा खूर

मी दौत बोलतेय, कर्नल थर्लो यांच्या टेबलावरची. दौत होण्याआधी मला चार पाय होते आणि डचेस हे नाव होतं.

साहेबांना शौर्यपदक मिळालं ते माझ्या पाठीवर. मी म्हातारी होऊन मेले, तेव्हा त्यांनी रडत रडत माझे खूर कापून घेतले. लाडक्या घोडीचं इकडे विलायतेत असंच करतात. पुढच्या उजव्या खुरात शाईची काच बसवली, वर चांदीचं झाकण, तळाला हिरवं मखमल. ती मी. दुसऱ्यात साहेबांची बहीण टाचण्या खोचते, तिसरा रेजिमेंटमध्ये तपकिरीची डबी झालाय, चौथा साहेबांच्या मित्राचं, मेजर पिम यांचं, दार अडवतो. मेल्यावर तरी पायांनी गप्प बसावं. माझे बसत नाहीत.

झाकणावर कोरलंय, 'हल्ल्यात सर्वांत पुढे'. खरं एवढंच, की अफगाण डोंगरात तोफ उडाली आणि मी भिऊन उधळले. साहेब दोन्ही हातांनी लगाम मागे खेचत होते. माझं तोंड फाटलं. मागच्यांना वाटलं, साहेब निघाले, चला. लढाई जिंकली. एकोणीस जण परतले नाहीत.

दर वर्षी लढाईच्या तारखेला दुपारच्या जेवणात चारही खूर टेबलावर मांडतात. गेल्या रविवारी मांडले, मटणाच्या ताटाभोवती.

"थर्लो, तू असा सुटलास की आम्हाला देवाचं नाव घ्यायलाही सवड दिली नाहीस," मेजर पिम म्हणाले.

"पिम, तू कधी घेतलं होतंस?"

साहेबांचा मुलगा गेराल्ड हसला. तो त्याच रेजिमेंटमध्ये. शनिवारी आफ्रिकेच्या लढाईवर निघायचा होता. "मलाही असा एक दिवस मिळू दे."

तेवढ्यात चमचे किणकिणले. टेबलाला कुणाचा धक्का लागला नव्हता. टप टप, टप टप. मला भास झाला असेल. दौतीच्या साक्षीला किंमत ती काय. पण गेराल्डच्या बायकोच्या, एडिथच्या, मांडीवरचं बाळ रडायचं थांबून माझ्याकडे बघायला लागलं. आणि साहेबांच्या मुठी वळल्या, हळूहळू छातीकडे आल्या.

नंतर एडिथ त्यांच्या खोलीत आली.

"पापा, जेवताना तुमचे हात मागे का येत होते?"

"संधिवात."

"संधिवात लगाम खेचत नाही. गेराल्डला तुमच्यासारखं सुटायचंय, पापा. बाळाला अजून दातही आले नाहीत. खरं असेल ते त्याला सांगा."

ती गेल्यावर साहेबांनी माझ्यात टाक बुडवला. 'गेराल्ड, त्या दिवशी मी घोडी थांबवत होतो.' पुढे अर्धं पान. मग घडी घातली, माझ्या तळाचं मखमल कडेला उसवलं आणि कागद आत सारला.

"मी गेल्यावर वाच म्हणावं," ते मला म्हणाले.

आज शनिवार. खाली गेराल्डची ट्रंक बांधून तयार आहे. एडिथ त्याच्या खिशात ठेवायला चिठ्ठी लिहायला बसलीय. काय लिहावं तिला सुचत नाही. टाक माझ्यात बुडतो, कोरडा होतो, पुन्हा बुडतो. आणि दूर कुठेतरी माझे तीन खूर चालायला लागलेत. ते माझ्यासाठी येतायत.

एडिथ, घोडीच्या खुरानं शहाणपण शिकवू नये, कळतं मला. उधळले मीच होते. पण एकदा मला पालथी घाल. शाई सांडेल. सांडू दे.